न ठेवलेले काचमणी

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, बहिणीला नाही, आणि ज्या एका मैत्रिणीला माझ्या बाकी सगळ्या भानगडी ठाऊक आहेत तिलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. किंवा गप्प राहण्याचाच आता कंटाळा आला म्हणून — हो, कंटाळाच. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला जमत नाहीत. स्वतःची चीड येते, एवढं मात्र खरं. घराबाहेर पडल्यावर गॅस चालू राहिला की काय असं वाटत राहतं ना? तसं काहीतरी इतकी वर्षं डोक्यात आहे. फरक एवढाच, की मला नक्की माहीत आहे — गॅस चालूच आहे.

आधी माझं काम सांगते. मी गोलकृमींवर काम करते. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सूनबाई जंतांवर असतात," आणि पाहुणा चिवड्याची बशी खाली ठेवायचा. माझे कृमी पोटातले नव्हेत, समुद्रातले. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला जे तपकिरी शेवाळ उघडं पडतं, त्याच्या फांद्यांमध्ये ते राहतात. लांबी साखरेच्या दाण्याएवढी आणि जाडी केसाहूनही कमी. आणि हे सगळं पुण्यात बसून. आमच्या सोसायटीतले एक काका जिन्यात भेटले की अजून विचारतात, "काय मॅडम, खडकवासल्याला भरती कधी आहे?" मी सांगते, धरणातून पाणी सोडतील तेव्हा.

बघा — मी विनोद करायला लागले. मुद्द्यावर यायची वेळ आली की मी हे करते.

वैशाली माझ्याकडे संशोधनासाठी आली तेव्हा मी चाळिशीच्याही अलीकडे होते आणि आमच्या विभागात माझा दरारा होता. ती वर्ध्याकडची. पुण्यात नवीन. बोलताना प्रत्येक वाक्याला "जी" लावायची आणि आमची पोरं हसली की दुसऱ्या वाक्याला आणखी ठासून लावायची. समुद्र तिने माझ्याबरोबर पहिल्यांदा पाहिला. गुडघाभर पाण्यात उभी राहून म्हणाली, "मॅडम, हा तर हलूनच राहिला आहे. थांबत नाही का हा?" मी म्हटलं, शेवाळ काढ, ओहोटी संपेल.

आमच्या कामात घाई चालत नाही. शेवाळ गोड्या पाण्यात खळबळून धुवायचं, म्हणजे कृमी सुटतात. ते पाणी अगदी बारीक चाळणीतून गाळायचं. मग कृमी मारून टिकवायचे, आणि हळूहळू, कित्येक आठवडे घेऊन, ग्लिसरिनमध्ये आणायचे. शेवटी भिंगाखाली एकेक कृमी उचलून काचपट्टीवर ठेवायचा. उचलायचा कशाने? चिमट्याने तो तुटतो. म्हणून सुईच्या टोकाला पापणीचा एक केस चिकटवतात आणि त्या केसावर कृमी तोलून घेतात. ज्याची त्याची सुई ज्याच्या त्याच्या पापणीची. वैशालीने पहिल्याच आठवड्यात स्वतःची केली, आणि महिन्याभरात ती माझ्याहून सफाईने कृमी उचलायला लागली. हे मी तेव्हा पाहिलं होतं. विसरले म्हणायची सोय नाही.

तर एक दिवस तिला तो नर सापडला. माद्या आमच्याकडे भरपूर होत्या. सगळ्या एकाच जातीच्या, आणि ती जात कुठल्याच जुन्या वर्णनाशी जुळत नव्हती. पण नुसत्या माद्यांवर नवी जात जाहीर करायची माझी तयारी नव्हती. नराच्या शेपटीजवळ मीलनासाठी दोन बारीक वाकडे काटे असतात. त्यांचा आकार कसा, लांबी किती, यावर सगळं ठरतं. अख्ख्या हंगामात एवढा एकच नर. तिनेच शोधला, तिनेच उचलला, आणि काचपट्टी पक्की करायला माझ्याकडे आणून दिली. कारण मौल्यवान पट्ट्या मीच पक्क्या करायच्या, असा माझा नियम होता.

आता काचमण्यांचं सांगते. कृमीवर वरची पातळ काच ठेवायची, तर वरून जरासा दाब आला तरी तिच्याखाली तो चिरडतो. म्हणून कृमीच्याच जाडीचे तीन काचमणी आजूबाजूला ठेवायचे. मणी म्हणजे धुळीचे कण म्हणा ना. त्यांच्यावर वरची काच टेकते, टेबलावर पाय असावेत तशी. कडेने मेण लावून सगळं बंद करायचं. या मण्यांवरून मी विभागात कुप्रसिद्ध होते. नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मणी दाखवायचे आणि सांगायचे, हे विसरलात तर परत घरी जा. एका मुलाला मी खरंच घरी पाठवलं होतं. माझ्या पाठीमागे मला "मणीबाई" म्हणत. मला ते माहीत होतं. आवडतही होतं.

त्या सकाळी मी वैशालीचा नर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला. मण्यांची वाटी जवळ ओढली. तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीत पाणी नव्हतं आणि टँकर बोलवायचा की नाही यावर सेक्रेटरींना माझं मत हवं होतं. मी माझं मत दिलं — सविस्तर दिलं. मग फोन ठेवला, वरची काच ठेवली, मेण लावलं, पट्टी बंद केली.

टँकरचा दोष नाही. सेक्रेटरींचाही नाही. घडलं कसं ते सांगते आहे, एवढंच.

दुपारी वैशाली त्या काट्यांचं चित्र काढायला बसली. त्यासाठी सर्वांत मोठी लेन्स लागते. काचेवर तेलाचा थेंब टाकून लेन्स त्या थेंबात उतरवायची, जवळजवळ काचेला टेकेपर्यंत. पुष्कळदा किंचित टेकतेच. सगळ्यांचीच टेकते, माझीसुद्धा. खाली मणी असतात म्हणून काही होत नाही.

ती माझ्या टेबलाशी आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मला वाटलं घरून काही वाईट बातमी आली. "मॅडम, तो दबला जी," ती म्हणाली. "मी तर हळूच करून राहिली होती."

मी जाऊन पाहिलं. कृमी सपाट झाला होता, शेपटी फाटली होती, काटे आपली जागा सोडून वेडेवाकडे पडले होते. आणि मग — इथे मला थांबायला आवडलं असतं — मग मी कमी ताकदीची लेन्स लावली आणि पट्टी हळूहळू सरकवत नेली. मणी भिंगाखाली चंद्रासारखे गोल दिसतात, चुकूच शकत नाहीत. पहिल्या जागी नव्हता. दुसऱ्या जागी नव्हता. तिसऱ्या जागी पाहायची गरजच नव्हती, तरी पाहिलं.

ती माझ्या बाजूला उभी होती. मी काय शोधते आहे हे तिला कळलं नाही. कळणार कसं? मणीबाईच्या पट्टीत मणी नसतील, ही शंका घेण्याइतका उद्धटपणा तिच्यात नव्हता.

किती वेळ गेला असेल? फार नाही. पण तेवढ्यात सहज म्हणता आलं असतं, वैशाली, मणी राहिले माझ्याकडून. सहा शब्दांचंसुद्धा वाक्य नव्हे. चिडून म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी डोळा लेन्सवरून काढला आणि म्हणाले, "हात जड आहे तुझा."

झालं. हीच ती गोष्ट. एवढीशी दिसते ना? एवढीशीच आहे, म्हणून तर सांगायला जमली नाही.

घाबरले होते का मी? कोणाला? नोकरी जाणार नव्हती, कोणी ओरडणार नव्हतं. फार तर आठवडाभर पोरं हसली असती. म्हणजे आठवडाभराचं हसू टाळण्यासाठी मी ते केलं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधून पाहिलं. सापडलं नाही.

संध्याकाळी आमचे विभागप्रमुख आले. "कोणाच्या हातून?" त्यांनी विचारलं. वैशाली उभी राहिली. ती काही बोलायच्या आत मी म्हणाले, "जाऊ द्या सर, नवीन आहे, होतं असं." खोटं बोलायचं तर बोलायचं, वर त्यावर मोठेपणाही कमावायचा! सरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. वैशालीने कृतज्ञतेने पाहिलं. ती नजर मला अजून राग आणते — तिचा नव्हे, माझाच.

आणि ते वाक्य विभागात राहायला आलं. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणायचं, "वैशाली, कप हळू ठेव गं, टेबल जाईल." "वैशालीताई, दार मी लावतो, तुमचा हात लागला तर विभाग पडेल." तीही हसायची. पुण्यातल्या थट्टेला हसायला ती शिकली होती. मीही हसायचे. नाही, थांबा, खरं सांगायचं ठरवलं आहे — एकदा मीही म्हटलं होतं. काचेची बरणी तिच्या हातातून घेत, "आण इकडे, परवडणार नाही आम्हाला."

पुढच्या हंगामात आम्ही पुन्हा त्याच किनाऱ्यावर गेलो. मी तिला सांगितलं, तू शेवाळ धुण्याचं आणि गाळण्याचं बघ, पट्ट्यांचं मी बघते. तिने मान डोलावली. बादल्याच्या बादल्या शेवाळ तिने धुतलं. बोटांची सालं निघाली, मिठाने चरचरायची, संध्याकाळी त्यांना खोबरेल तेल लावून बसायची. आणि नर मिळाले. एक सोडून अनेक मिळाले. मी ते पक्के केले — मणी ठेवून, मोजून, पुन्हा मोजून. चित्रंही मीच काढली. चांगली आली. ज्या एका नमुन्याच्या आधाराने जातीला नाव मिळतं तो मान त्यातल्याच एका नराला मिळाला, आणि चिरडलेल्या नराचं नाव कुठेच आलं नाही.

म्हणजे शास्त्राचं काही बिघडलं नाही. माझं वर्णन बरोबर आहे. जात खरी आहे, आजही त्या खडकांवर आहे. कधीकधी वाटतं, चुकीची जात जाहीर केली असती तर बरं झालं असतं. त्याला रीत आहे. दुरुस्ती छापायची, नाव मागे घ्यायचं, मोकळं व्हायचं. माणसाच्या बाबतीत कुठल्या अंकात दुरुस्ती छापतात?

मी काय केलं ते ऐका. मी त्या जातीला वैशालीचं नाव दिलं. तिच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं आणि खाली आभारात लिहिलं की नमुने जमवताना तिने अविश्रांत कष्ट घेतले. मला वाटलं, फिटलं. सगळ्यांनी वाखाणलं. ती घरून संत्र्याची बर्फी घेऊन आली आणि विभागभर वाटत फिरली. आणि तिच्या वडिलांचा फोन आला. ते शाळेत मास्तर होते, त्यांनी आयुष्यात कोणाला उगाच फोन केला नसेल. म्हणाले, "मॅडम, पोरीनं तुमचं एवढं नुकसान केलं, तरी तुम्ही तिचं नाव ठेवलं. आमच्या घरचं नाव समुद्रात गेलं जी. तुमचं मन मोठं आहे."

मी काय म्हणाले? म्हणाले, "अहो, त्यात काय."

वैशाली विभागातच थांबली असती तर कदाचित कधीतरी सांगून झालं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. पण ती थांबली नाही. बँकेच्या परीक्षेला बसली, पास झाली आणि प्रबंध अर्धा टाकून निघाली. सांगायला आली तेव्हा माझ्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "मॅडम, हे काम माझ्या हाताचं नाही." तिची पापणीची सुई तिने माझ्या टेबलावर ठेवली, दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल म्हणून. मी म्हटलं, "विचार कर." ती म्हणाली, "केला जी."

एवढी संधी कोणाला मिळते? दार बंद, खोलीत आम्ही दोघीच, आणि तिने नेमका तोच शब्द उच्चारला होता — हात. मी तिला चहा हवा का विचारलं.

ती सुई मी कोणाला दिली नाही. मीच वापरते. इतकी हलकी सुई मला स्वतःला कधी करता आलेली नाही.

वैशाली आता विश्रांतवाडीला राहते. नवरा, एक मुलगी, बँकेत बढती. दर दिवाळीला फोन करते, आणि दोन-तीन वर्षांतून एकदा आग्रहाने घरी बोलावते. मी जाते. न जाण्याचं काय कारण सांगणार? यंदा गेले ते जूनमध्ये. मुलीचा, ओवीचा, दहावीचा निकाल लागला होता. उत्तम गुण. बैठकीच्या खिडकीत तिने मुंग्यांचं घर केलं होतं. दोन काचांच्या मध्ये माती, त्यात बोगदे, आणि एवढ्याशा कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी. मला भिंगातून दाखवत होती. "मॅडम, ही बघा, ही अंडी हलवतेय. थांबा, हलू नका, श्वास सोडू नका हं!" ओवीचं मराठी अगदी पुण्याचं आहे, जी नाही आणि काही नाही. एक मुंगी चुकून बाहेर आली, तर तिने ती कागदाच्या कडेवर घेतली आणि परत आत सोडली. मुंगीला कळलंसुद्धा नसेल. मी त्या बोटांकडे बघत राहिले.

"हिला सायन्स घ्यायचं आहे," वैशाली स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी म्हटलं कॉमर्स घे. फॉर्म भरायचाच आहे या आठवड्यात. तुम्हीच सांगा हिला."

"आई, पण का?" ओवी म्हणाली. "कारण तरी सांग ना!"

वैशाली बशी घेऊन बाहेर आली आणि हसली. "अगं, आपला हात जड आहे. घराण्याचाच आहे. मी तुझ्या मॅडमचा केवढा नमुना चिरडला होता, विचार त्यांना. नाजूक काम आपलं नाही, राणी. नंतर रडण्यापेक्षा आधीच बरं." आणि माझ्याकडे वळून, "बरोबर ना मॅडम?"

ओवी माझ्याकडे बघत होती. भिंग अजून तिच्या हातात होतं.

तुम्हाला वाटेल, आता तरी. मलाही वाटलं होतं. वाक्य जिभेवर होतं, ते अगदी तयार होतं, इतक्या वर्षांत मी ते घासूनपुसून ठेवलं होतं — वैशाली, त्या पट्टीत मणी नव्हते. पण समोर गरम पोहे होते, ती इतक्या आनंदात होती, आणि माझ्या डोक्यात आलं, की आता सांगितलं तर ती विचारेल, एवढी वर्षं का नाही? तिच्या वडिलांचा फोनही तिला आठवेल. ते आता नाहीत.

मी म्हणाले, "शेवटी ज्याचं त्याने ठरवावं." आणि पोहे खाल्ले. लिंबू मागून घेतलं.

जिना उतरताना माझं मला इतकं संतापायला झालं, की खाली रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले. त्याने मीटर टाकलं होतं, तरीही.

ओवीने कॉमर्स घेतलं. वैशालीने फोनवर सांगितलं, म्हणाली, थोडं रडली पण ऐकलं तिने. मुंग्यांचं घर बागेत नेऊन रिकामं केलं, वेळ जातो उगाच. मी म्हटलं, बरं झालं.

काल मी कपाटातून ती जुनी काचपट्टी काढली. टाकून द्यायला हवी होती, खरं तर. चिरडलेला नमुना कोणी ठेवत नाही. ठेवली का, ते मला सांगता येणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लावली, कमी ताकदीची लेन्स घेतली आणि हळूहळू सरकवत नेली. ग्लिसरिन अजून स्वच्छ आहे. कृमी तसाच, सपाट, शेपटी फाटलेली. पहिल्या जागी मणी नाही. दुसऱ्या जागी नाही. तिसऱ्या जागी नाही.

मणी मी ठेवले नव्हते. वैशालीचा हात जड नव्हता. ओवीचाही नाही.